मुद्रा, सही आणि संकेत : सीमाशुल्काच्या संगणकीकरणात नियमनाची भूमिका (बंगळूरच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

शासनव्यवहारात संगणक आला त्या घटनेचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणती प्रणाली बसविली, ती किती कार्यालयांत पसरली, तिच्यामुळे किती वेळ वाचला, या प्रश्नांभोवतीच अशा लेखनाची मांडणी होते. या मांडणीत एक महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. यंत्राच्या पडद्यावर उमटलेली नोंद ही ‘घोषणा’ आहे, तिच्याखाली कोणाची तरी ‘सही’ आहे आणि ती खोटी ठरल्यास शिक्षा होऊ शकते, हे कोण ठरविते? सीमाशुल्क हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त क्षेत्र होय. कारण येथे प्रत्येक कागद म्हणजे एक दायित्व असते. माल, मूल्य, उगम आणि मालक यांविषयीचे ते शपथपूर्वक विधान असते.

भारतीय सीमाशुल्काचे संगणकीकरण यंत्रांच्या उपलब्धतेपेक्षा विधिनियमांच्या गतीने घडले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी बंगळूर हे शहर संदर्भासाठी निवडले आहे. या शहराला समुद्र नाही, तथापि आयात-निर्यातीच्या अमूर्तीकरणाचे दोन टोकांचे टप्पे याच शहराने पाहिले. १९८० च्या दशकात येथून माल अदृश्य होऊन उपग्रहामार्फत बाहेर जाऊ लागला, आणि २०२० मध्ये शुल्क-आकारणी करणारा अधिकारीच आयातदाराच्या दृष्टीआड गेला. या दोन घटनांमधील साडेतीन दशकांत नियमाने काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

कागदाचे राज्य

मराठी भाषेला सीमाशुल्काची ओळख जुनी आहे. ‘जकात’ हा मूळ अरबी शब्द धार्मिक दानाचा अर्थ मागे टाकून मराठीत मालावरील कर या अर्थाने स्थिरावला, आणि मुंबईच्या जकात नाक्यांनी तो २०१७ पर्यंत, म्हणजे वस्तू व सेवा कर येईपर्यंत, रोजच्या बोलण्यात जिवंत ठेवला. ‘हशील’, ‘दस्तक’, ‘परवाना’, ‘मुद्रा’ हे शब्दही याच व्यवहारातले. जकात हे केवळ उत्पन्नाचे साधन नसून धोरणाचे हत्यार आहे, याची जाणही जुनीच. बारदेशातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बसू नये म्हणून त्यावर जबर जकात घ्यावी, अशा आशयाचे शिवाजी महाराजांचे १६७१ चे पत्र या संदर्भात इतिहासाभ्यासकांना परिचित आहे.

कागदाचे बळ कशात असते, हेही इतिहासाने दाखवून दिले आहे. १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये करमुक्त व्यापाराची सवलत मिळाली आणि कंपनीचे ‘दस्तक’ दाखविले की माल नाक्यावरून सुटू लागला. कंपनीच्या नोकरांनी हेच दस्तक स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी वापरले. नाक्यावरच्या माणसाला कागद खरा दिसत होता, त्यामागचा व्यवहार मात्र खोटा होता. मीर कासीमने अखेर १७६३ मध्ये सर्वांसाठीच जकात रद्द केली आणि संघर्ष युद्धापर्यंत गेला. दस्तऐवजाचे स्वरूप आणि त्यामागची सत्यता यांत पडणारी ही फट पुढे संगणकाच्या युगातही नव्या रूपात दिसते, म्हणून तिची येथे नोंद घेणे आवश्यक आहे.

ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या सागरी सीमाशुल्क अधिनियमाने या व्यवहाराला एकत्रित कायद्याचे रूप दिले. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा सीमाशुल्क अधिनियम, १९६२ ने घेतली. तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. या अधिनियमाची रचना पूर्णतः कागदावर उभी होती. जहाजाने आणलेल्या मालाची यादी कलम ३० खाली, आयातदाराचे घोषणापत्र म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’ कलम ४६ खाली, निर्यातदाराचे ‘शिपिंग बिल’ कलम ५० खाली आणि शुल्क-आकारणी कलम १७ खाली, असा क्रम होता. प्रत्येक टप्प्यावर ‘योग्य अधिकारी’ अशी संज्ञा येते. म्हणजे कोणताही अधिकारी चालत नाही. ज्याला ते काम नेमून दिले आहे आणि ज्याचे क्षेत्र ठरलेले आहे, तोच अधिकारी लागतो. कागद, सही आणि क्षेत्र या तीन खांबांवर उभी असलेली ही व्यवस्था संगणकाला सामावून घेताना या तिन्ही खांबांची पुनर्रचना करावी लागली. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

समुद्र नसलेले बंदर

बंगळूरचे मराठी इतिहासाशी असलेले नाते शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे आहे. व्यापारी अर्थाने मात्र हे शहर चेन्नईच्या बंदराचे पृष्ठक्षेत्र राहिले. आयात माल चेन्नईला उतरावा, तेथेच सीमाशुल्काचे सोपस्कार व्हावेत आणि मग तो रस्त्याने किंवा रेल्वेने यावा, अशी रीत होती. १९८१ मध्ये देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो बंगळुरात सुरू झाला, तेव्हा बंदर जणू आत सरकले. कंटेनर मोहोरबंद अवस्थेत येथे यावा आणि सोपस्कार येथेच व्हावेत, अशी सोय झाली. यात एक सूक्ष्म विधिविषयक बदल होता. सीमेवरचे काम सीमेपासून शेकडो किलोमीटर आत होऊ शकते, हे तत्त्व मान्य झाले. मालाच्या प्रत्यक्ष स्थानाशी अधिकाराची असलेली गाठ येथे प्रथम सैल झाली.

दुसरा आणि अधिक मूलगामी बदल निर्यातीत झाला. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरात आपले केंद्र स्थापन केले आणि उपग्रह-दुव्याने येथील अभियंत्यांचे काम परदेशी जाऊ लागले. तोवर सॉफ्टवेअरची निर्यात म्हणजे चुंबकीय फितींची निर्यात होती. फीत पेटीत घालून विमानतळावर नेता येत होती, तिचे शिपिंग बिल भरता येत होते, अधिकाऱ्याला ती हातात घेऊन पाहता येत होती. उपग्रहाने जाणाऱ्या संकेताला पेटी नव्हती, वजन नव्हते, नाका नव्हता. निर्यात झाली हे कशावरून समजायचे, आणि तिचे परकीय चलन आले की नाही हे कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर सीमाशुल्क कायद्याने दिले नाही. ते परकीय चलनाच्या नियमनातून आले. वस्तूंच्या निर्यातीसाठी रिझर्व्ह बँकेची ठरावीक घोषणापत्रे होती. त्यांच्या जोडीला संगणकीय आज्ञावलीच्या निर्यातीसाठी ‘सॉफ्टेक्स’ हे स्वतंत्र घोषणापत्र आले. डिसेंबर १९८६ चे सॉफ्टवेअर धोरण आणि १९९१ मध्ये स्थापन झालेली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था यांनी या व्यवस्थेला आकार दिला. निर्यातीचे मूल्य प्रमाणित करण्याचे काम या संस्थेच्या अधिकाऱ्याकडे आले. नाक्यावरचा पाहणी करणारा डोळा जाऊन त्याच्या जागी करारपत्र वाचणारा डोळा आला, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

सीमाशुल्क विभाग मात्र या उद्योगातून पूर्णपणे बाहेर गेला नाही. त्याने निर्यातीऐवजी यंत्रांवर लक्ष ठेवले. टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील घटकांना संगणक व अन्य साधने शुल्क न भरता आयात करता येत होती. पण त्यासाठी त्यांची जागा सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ५८ खाली खाजगी बॉण्डेड गोदाम म्हणून परवानाबद्ध व्हावी लागे आणि तेथील कामाला कलम ६५ खालची परवानगी लागे. याचा व्यावहारिक अर्थ लक्षणीय होता. बनशंकरी हे नाव मराठी वाचकाला बदामीजवळच्या देवीमुळे आणि अनेक घराण्यांच्या कुलाचारामुळे परिचित आहे. बंगळूरच्या दक्षिण भागातील याच नावाची वसाहत मात्र नियोजित निवासी भूखंडांची. तिच्या दुसऱ्या टप्प्यात आणि जयनगर, जे. पी. नगर अशा शेजारच्या वस्त्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आली. या योजनेत नोंदलेल्या घटकाच्या बाबतीत इमारतीचा एखादा मजला कायद्याच्या दृष्टीने गोदाम होता. त्यातील संगणक हा शुल्क न भरलेला आयात माल होता. तो दुरुस्तीसाठी दुसऱ्या इमारतीत हलविणे किंवा अभियंत्याने सुवाह्य संगणक घरी नेणे हा मालाच्या हालचालीचा प्रश्न ठरत होता आणि त्यासाठीच्या सवलती परिपत्रकांमधून टप्प्याटप्प्याने द्याव्या लागल्या. परगावी न जाता परदेशासाठी काम करणाऱ्या मध्यमवर्गीय वस्तीत, घराच्या दोन गल्ल्या पलीकडे सीमाशुल्काची अदृश्य हद्द होती.

ही गोदामाची अट १३ ऑगस्ट २०१६ पासून काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्या काळात बंगळूरचे अभियंते जगाच्या बँकांचे व्यवहार संगणकावर आणत होते, त्या सुमारे पाव शतकाच्या काळात त्यांच्या टेबलावरचे यंत्र कायद्याच्या लेखी गोदामातला माल होते. तंत्रज्ञान उपलब्ध असणे आणि नियमाने ते ओळखणे यांतील अंतराचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

परवानगीचा काळ : १९८८ ते २०१०

कागदाच्या जागी विद्युतीय नोंद यावी यासाठी पहिली आवश्यक गोष्ट म्हणजे त्या नोंदीला पुरावा म्हणून मान्यता. सीमाशुल्क अधिनियमात कलम १३८सी हे १ जुलै १९८८ पासून समाविष्ट झाले. सूक्ष्मपट, प्रतिमुद्रा आणि संगणकाचे मुद्रित उतारे हे दस्तऐवज व पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद त्याने केली. संगणक नियमितपणे वापरात होता, माहिती नेहमीच्या कामकाजात भरली जात होती आणि यंत्र नीट चालत होते, या गोष्टी जबाबदार व्यक्तीच्या प्रमाणपत्राने दाखविण्याची अटही त्यात आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम अस्तित्वात येण्यापूर्वी बारा वर्षे सीमाशुल्काने हे पाऊल उचलले, ही बाब उल्लेखनीय आहे. अर्थात पुरावा म्हणून मान्यता आणि घोषणा म्हणून मान्यता या वेगळ्या गोष्टी होत. कलम १३८सी ने संगणकाला साक्षीदार केले. अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार त्याला अद्याप मिळाला नव्हता.

या काळात जगात इतरत्रही हालचाल सुरू होती. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने १९८० च्या दशकाच्या आरंभी विकसनशील देशांसाठी ‘असिक्युडा’ ही सीमाशुल्क प्रणाली तयार करण्यास प्रारंभ केला. व्यापारी दस्तऐवजांच्या विद्युतीय देवाणघेवाणीची ‘एडिफॅक्ट’ ही समान वाक्यरचना १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. सिंगापूरने १९८९ च्या आरंभी ‘ट्रेडनेट’ सुरू केले. भारताने बाहेरची तयार प्रणाली न घेता राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या साहाय्याने स्वतःची प्रणाली घडविण्याचा मार्ग स्वीकारला. ‘इंडियन कस्टम्स ईडीआय सिस्टिम’ या नावाने ती १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रथम दिल्लीत आली आणि यथावकाश मुंबई, न्हावा शेवा, चेन्नई, बंगळूर आदी ठिकाणी पोहोचली.

या प्रणालीला विधिमान्य आधार दिला तो १९९५ च्या विद्युतीय घोषणेविषयीच्या बिल ऑफ एंट्री विनियमांनी. मूळ अधिनियम अद्याप कागदाचीच भाषा बोलत होता. विनियमांनी मात्र विद्युतीय पर्यायाची वाट उघडली. प्रत्यक्ष कार्यपद्धती अशी होती : आयातदार किंवा त्याचा अभिकर्ता ठरावीक नमुन्यात लिहिलेली माहिती सेवा केंद्रात देई, तेथील कर्मचारी ती संगणकात भरी, पडताळणी-सूचीचा उतारा छापून अभिकर्त्याच्या हाती येई, तो तपासून त्यावर सही होई, मग नोंद प्रणालीत जाऊन तिला क्रमांक मिळे. आकारणीनंतर पुन्हा बिल छापले जाई आणि माल तपासणीच्या वेळी मूळ बीजक, वेष्टन-सूची वगैरे कागद अधिकाऱ्यापुढे ठेवले जात. संगणक मधोमध होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना कागद होता. याला केवळ अर्धवट तंत्रज्ञान म्हणणे योग्य होणार नाही. सही कागदावरच होऊ शकत होती, कारण अन्य प्रकारच्या सहीला कायद्यात अस्तित्वच नव्हते.

ते अस्तित्व दिले माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाचा १९९६ चा आदर्श कायदा डोळ्यांपुढे ठेवून रचलेला हा अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि विद्युतीय अभिलेख व अंकीय सही यांना वैधानिक मान्यता मिळाली. त्याच वर्षीच्या परकीय चलन व्यवस्थापनविषयक निर्यात-विनियमांत, संगणकीकृत सीमाशुल्क कार्यालयांतून होणाऱ्या निर्यातीसाठी ‘एसडीएफ’ हे वेगळे घोषणापत्र जुन्या ‘जीआर’ घोषणापत्राच्या शेजारी दिसते. एकाच देशात कोणत्या बंदरातून माल जातो त्यावर घोषणापत्राचा प्रकार ठरत होता, हे संक्रमणकाळाचे बोलके लक्षण होय.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९९ मध्ये सुधारलेल्या क्योटो संकेताने या विषयाला नेमके वळण दिले. नवीन किंवा सुधारित राष्ट्रीय कायद्याने कागदी दस्तऐवजांना पर्याय म्हणून विद्युतीय पद्धतींची तरतूद केली पाहिजे, असे त्याच्या सर्वसाधारण परिशिष्टाच्या सातव्या प्रकरणात नमूद आहे. यंत्रे घ्या, असे या संकेताने म्हटले नाही. कायदा बदला, असे म्हटले. भारताने २००५ मध्ये या संकेतात प्रवेश केला आणि तो ३ फेब्रुवारी २००६ रोजी अमलात आला.

सक्तीचा काळ : २०११ नंतर

‘पर्याय’ आणि ‘सक्ती’ यांतील सीमारेषा भारतात ८ एप्रिल २०११ रोजी ओलांडली गेली. वित्त अधिनियम, २०११ ने कलम ४६ आणि ५० मध्ये ‘विद्युतीय रीतीने’ सादर करणे हाच नियम केला. जेथे ते शक्य नाही तेथे आयुक्ताने अन्य रीतीची परवानगी द्यावी, हा अपवाद झाला. सोळा वर्षांपूर्वी विद्युतीय घोषणा अपवाद होती आणि कागद नियम होता. आता दोघांनी जागा बदलल्या. त्याच वर्षीच्या एकात्मिक घोषणेविषयीच्या विनियमांनी, प्रणालीत क्रमांक निर्माण होताच बिल सादर झाले असे मानले जाईल, असे स्पष्ट केले. दाखल होण्याचा क्षण आता टपालाच्या शिक्क्याने ठरत नव्हता, यंत्राच्या उत्तराने ठरत होता.

याच अधिनियमाने आणखी एक बदल केला. त्याचे परिणाम अधिक दूरगामी आहेत. कलम १७ मध्ये स्व-आकारणीचे तत्त्व आले. शुल्क किती, हे प्रथम आयातदाराने स्वतः ठरवायचे आणि अधिकाऱ्याने ते पडताळून पाहायचे. विद्युतीय घोषणा आणि स्व-आकारणी एकाच दिवशी याव्यात, हा योगायोग नव्हे. सर्वच कागद अधिकाऱ्यापुढे येत नसतील तर सत्यतेचे ओझे कोणावर तरी टाकावेच लागते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जोखीम-व्यवस्थापन प्रणालीने कोणती घोषणा तपासायची आणि कोणती तशीच सोडायची याची निवड यंत्राकडे सोपविली होती. २०१८ च्या दुरुस्तीने, पडताळणीसाठीची निवड प्रामुख्याने जोखीम-मूल्यमापनाच्या आधारे व्हावी, हे कलम १७ मध्येच लिहिले. प्रशासकीय सोय म्हणून आलेली गोष्ट तेरा वर्षांनी कायद्याची आज्ञा झाली.

या बदलाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टाळता येत नाही. मोठ्या आयातदाराकडे वर्गीकरण जाणणारे तज्ज्ञ असतात. छोट्या आयातदाराचा आधार म्हणजे सीमाशुल्क अभिकर्ता. १९८४ व २००४ च्या विनियमांत ‘कस्टम हाउस एजंट’ म्हणून ओळखला जाणारा हा मनुष्य २०१३ च्या विनियमांत ‘कस्टम्स ब्रोकर’ झाला. नाव बदलले तशी भूमिकाही बदलली. पूर्वी त्याचे कौशल्य कार्यालयाच्या वाटा आणि खिडक्या ठाऊक असण्यात होते. आता ते संहितांक, सूट-अधिसूचना आणि नोंदीतील अचूकता यांत आले. १ जानेवारी २०१६ पासून अशा अभिकर्त्यांमार्फत होणाऱ्या सादरीकरणाला अंकीय सही सक्तीची झाली. चुकीच्या ओळीवरील सही आता कोणाची, याविषयी संदिग्धता उरली नाही. तंत्रज्ञानाने काम हलके केले असेल, पण नियमाने जबाबदारी अधिक टोकदार केली.

चेहरा नसलेला अधिकारी

कागद आणि सही या दोन खांबांची पुनर्रचना अशी झाली. तिसरा खांब क्षेत्राचा. १ एप्रिल २०१६ पासून ‘स्विफ्ट’ या एक-खिडकी व्यवस्थेने अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती व प्राणी विलगीकरण आदी यंत्रणांच्या परवानग्या एकाच घोषणेत गोवल्या. मार्च २०१८ पर्यंत ‘ई-संचित’ द्वारे साहाय्यक कागदपत्रे विद्युतीय रूपात जोडण्याची सोय देशभर पोहोचली आणि मे २०१८ च्या विनियमांच्या शीर्षकातच ‘कागदविरहित प्रक्रिया’ हे शब्द आले. कागद दिल्लीत, चेन्नईत किंवा बंगळुरात कोठेही सारखाच वाचता येत असेल, तर तो वाचणारा अधिकारी मालाजवळच का असावा, हा प्रश्न आता अपरिहार्य झाला.

त्याचे पहिले उत्तर बंगळूर आणि चेन्नई येथे मिळाले. ८ जून २०२० पासून या दोन विभागांत, सीमाशुल्क दरपत्रकाच्या प्रकरण ८४ व ८५ मधील, म्हणजे यंत्रसामग्री आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक मालाच्या, आयातीसाठी चेहराविरहित आकारणी सुरू झाली. बंगळूरच्या विमानतळावर उतरलेल्या मालाची आकारणी चेन्नईतील अधिकारी करू शकत होता आणि उलटही. आयातदाराला तो अधिकारी कोण हे ठाऊक नसे. ३ ऑगस्ट २०२० रोजी ही पद्धत दिल्ली व मुंबईत आणि ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत देशभर विस्तारली. जे शहर पूर्वी चेन्नईच्या बंदरावर अवलंबून होते, ते आता चेन्नईच्या मालावर शुल्क आकारू लागले.

तांत्रिक दृष्टीने यात फारसे नवीन नव्हते. दोन शहरे एकाच प्रणालीवर कित्येक वर्षे काम करीत होती. जे नवीन लागले ते नियमांचे. ‘योग्य अधिकारी’ या संज्ञेला क्षेत्राची मर्यादा होती. ती विस्तारणारी अधिसूचना काढल्याशिवाय चेन्नईच्या अधिकाऱ्याने बंगळूरच्या मालावर केलेली आकारणी अधिकारबाह्य ठरली असती. त्याचबरोबर एक नाजूक प्रश्न अपिलाचा होता. आकारणी करणारा चेन्नईत, आयातदार बंगळुरात, मग दाद कोठे मागायची? आकारणी कोठेही झाली तरी अपील मात्र आयात जेथे झाली तेथील अपील-आयुक्तापुढे चालेल, असा निर्णय झाला. निर्णय दूर जावा पण न्याय जवळ राहावा, हा विवेक या तरतुदीत दिसतो. यंत्राच्या रचनेत तो आपोआप आला नसता. बनशंकरीसारख्या वस्तीत बसून परदेशी सुटे भाग मागविणाऱ्या लहान उद्योजकाच्या दृष्टीने संपूर्ण सुधारणेतील कदाचित हीच ओळ सर्वांत महत्त्वाची असेल.

‘योग्य अधिकारी’ हा शब्दच्छल नाही, हे पुढच्याच वर्षी प्रत्ययास आले. ९ मार्च २०२१ रोजी कॅनन इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, महसूल गुप्तवार्ता संचालनालयाचे अधिकारी शुल्कवसुलीची नोटीस देण्यास ‘योग्य अधिकारी’ नाहीत असा निर्णय दिला आणि असंख्य प्रकरणांचा पाया डळमळला. वित्त अधिनियम, २०२२ ने संबंधित कलमे दुरुस्त करून पूर्वीच्या कृती वैध ठरविल्या आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने पुनर्विलोकनात आपला निष्कर्ष बदलला. अधिकाराचा स्रोत निश्चित नसेल तर अत्यंत कार्यक्षम यंत्रणेचे कामही वर्षानुवर्षे अधांतरी राहते, हा या प्रकरणाचा धडा होय.

नियम आणि यंत्र यांतील फट

नियम पुढे आणि यंत्र मागे राहिले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि निर्यातीवरील एकात्मिक कराच्या परताव्यासाठी शिपिंग बिल हाच अर्ज मानला जाईल, असा नियम झाला. वेगळा अर्ज नको, वेगळे कार्यालय नको, अशी ही कल्पना होती. पण सीमाशुल्काची प्रणाली आणि वस्तू व सेवा कराचे जाळे यांतील नोंदी तंतोतंत जुळणे ही तिची पूर्वअट होती. शिपिंग बिलात बीजकाचा क्रमांक एक आणि कर-विवरणपत्रात दुसरा असला की प्रणाली दोषसंकेत देऊन परतावा थांबवी. माल खरोखर गेला होता, कर खरोखर भरला होता, परकीय चलनही येत होते. केवळ दोन नोंदींतील अक्षरे जुळत नव्हती. खेळत्या भांडवलावर जगणाऱ्या छोट्या निर्यातदारांची रक्कम अशी महिनोन्महिने अडकली.

यातून मार्ग निघाला तो फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने. अशा प्रकरणांत अधिकाऱ्याने हस्तक्षेप करून नोंदी दुरुस्त करण्याची पर्यायी पद्धत त्याने घालून दिली, आणि मार्च २०१८ मध्ये परताव्यासाठी विशेष पंधरवडा पाळण्यात आला. माणसाचा स्वेच्छाधिकार काढून टाकण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत माणसाचा विवेक पुन्हा नियमाद्वारे बसवावा लागला. दस्तकाच्या काळात कागद खरा आणि व्यवहार खोटा होता. येथे व्यवहार खरा आणि नोंद ‘खोटी’ ठरली. अडीच शतकांनंतर तीच फट उलट दिशेने उघडलेली दिसते.

पुराव्याच्या क्षेत्रातही हा ताण कायम आहे. विद्युतीय अभिलेखासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे की नाही, याविषयीचा दीर्घकाळचा संभ्रम सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दूर केला. ते प्रकरण जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून, अर्जुन खोतकर यांच्या उमेदवारी अर्जाच्या वेळेविषयीच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून उद्भवले होते. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले. सीमाशुल्काच्या कलम १३८सी मधील प्रमाणपत्राची अट याच कुळातली असल्याने जालन्याच्या त्या प्रकरणातील तत्त्व बंदरावरच्या तंट्यांतही उद्धृत होऊ लागले. १९८८ मध्ये संगणकाला साक्षीदार करताना घातलेली अट बत्तीस वर्षांनंतरही निष्प्रभ झाली नाही.

आणि ज्या प्रश्नाने बंगळूरच्या संदर्भात विवेचन सुरू झाले, तो तर अद्याप अनुत्तरित आहे. आराखडे, पुस्तिका किंवा ज्ञान एखाद्या माध्यमावर आले तर ते ‘माल’ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या प्रकरणात दिला. पण तेच ज्ञान माध्यमाशिवाय, तारेतून किंवा लहरींतून आले तर? जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी १९९८ मध्ये विद्युतीय प्रेषणांवर सीमाशुल्क न लावण्याचे ठरविले. हा निर्णय तात्पुरता होता आणि त्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही ती मिळाली. या मुदतवाढीने विकसनशील देशांच्या महसुलाची व धोरणस्वातंत्र्याची हानी होते, अशी भूमिका भारताने मांडली आहे. भारतातील सॉफ्टवेअर उद्योगाचे हित मात्र मुक्त प्रेषणात आहे. एकाच देशाच्या या दोन गरजा एकाच शहरात समोरासमोर उभ्या आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सीमाशुल्काच्या संगणकीकरणात यंत्र बहुधा नियमाआधी आले, पण जोवर नियमाने त्याच्या नोंदीला पुरावा, घोषणा आणि सही अशी क्रमाक्रमाने मान्यता दिली नाही, तोवर ते कागदाच्या शेजारी बसलेले दुसरे दप्तरच राहिले. दुसरा असा की, नियमाने प्रथम परवानगी दिली, मग सक्ती केली आणि शेवटी अधिकाऱ्याच्या क्षेत्राची व्याख्याच बदलली. या तीन टप्प्यांत सत्यतेचे ओझे अधिकाऱ्याकडून व्यापाऱ्याकडे सरकत गेले. तिसरा असा की, नियम आणि यंत्र यांच्या गतीत अंतर पडले की त्याची झळ प्रथम लहान व्यापाऱ्याला बसते, आणि ती भरून काढण्यासाठी मानवी विवेकाची जागा नियमातच राखून ठेवावी लागते.

बंगळूरच्या उदाहरणाचे महत्त्व येथेच आहे. या शहरातून माल आधी अमूर्त झाला, कागद त्यानंतर आणि अधिकारी सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी तंत्रज्ञ तयार होते आणि वाट पाहावी लागली ती एका अधिसूचनेची, एका दुरुस्तीची, कधी एका परिपत्रकाची. मुद्रेच्या जागी सही आणि सहीच्या जागी संकेत आला, तरी ‘हे माझे विधान आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे’ हा त्यामागील अर्थ टिकवून धरण्याचे काम नियमाकडेच राहिले आहे.